पावसामागून जाणारा चतुर

या पुस्तकाचा विषय एकच कीटक आहे, आणि तोही वाचकाने असंख्य वेळा पाहिलेला. भाद्रपद-आश्विनात पावसाने उघडीप दिली की शाळेचे मैदान, भाताची खाचरे, सोसायटीची गच्ची, रेल्वेचे यार्ड, कुठेही डोक्याच्या जरा वर पिवळसर चतुरांचे थवे फिरताना दिसतात. पंख फारसे न मारता ते वाऱ्यावर पुढे जातात, वळतात, परत येतात, आणि तासन्‌तास कुठे टेकत नाहीत. त्याचे शास्त्रीय नाव पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स. फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1798 मध्ये त्याचे वर्णन करून ठेवले. मराठीत या एका जातीसाठी सर्वमान्य नाव अजून रुळलेले नाही, त्यामुळे इथे मी त्याला पॅन्टाला म्हणूनच बोलावणार आहे.

चतुरांवरच्या पुस्तकाची सुरुवात तीस कोटी वर्षांपूर्वीच्या, हातभर पंखांच्या कीटकांपासून करायची रीत आहे. ती मी मोडतो आहे. पॅन्टालाची आजची हकिगतच इतकी लांब आहे की त्या पुराणात शिरायला सवड नाही.

अंटार्क्टिका सोडला तर हा चतुर प्रत्येक खंडावर सापडला आहे. युरोपात तो क्वचित दिसतो. बाकी उष्ण प्रदेशात जवळपास सगळीकडे आहे. प्रशांत महासागरात, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर असलेल्या ईस्टर बेटावर चतुरांची एकच जात नांदते, ती ही. हिमालयात 6,200 मीटर उंचीवर त्याची नोंद आहे. चतुरांपैकी कोणाचीही याहून उंचावरची नोंद मला माहीत नाही. जपानमध्ये तो दर वर्षी दक्षिणेकडून येतो, पिढ्या वाढवत उत्तरेकडे सरकतो आणि हिवाळा आला की तिथल्या बहुतेक भागांत मरून जातो, कारण त्याच्या पाण्यातल्या अळ्यांना ती थंडी सोसत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नवे येतात. असा प्राणी आपल्या अंगणात महिनोन्‌महिने मुक्काम करतो आणि आपल्याकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखे फार तर एवढेच असते की हे खाली उतरले की पाऊस येतो.

आधी ओळख. साडेचार सेंटिमीटरच्या आसपास लांबी, पसरलेले पंख आठ सेंटिमीटरच्या आगेमागे, वजन सुमारे 0.3 ग्रॅम. अंग सोनेरी-पिवळे, नराच्या पोटाची वरची बाजू वय वाढते तशी तांबूस होते, आणि शेपटाकडे मधोमध काळ्या खुणा असतात. डोळे वरून तपकिरी-लाल. पण रंगावर फार विसंबू नये, कारण उडताना रंग कळत नाही. खरी खूण मागच्या पंखात आहे. तो अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे चांगला रुंद असतो आणि त्या भागावर पिवळसर छटा असते. या रुंदीमुळेच त्याला ताकद न खर्चता तरंगता येते. दुसरी खूण बसण्याची. गटाराच्या कडेला किंवा तळ्यातल्या काडीवर आडवा बसून इकडेतिकडे मान वळवणारा चतुर बहुधा वेगळ्या जातीचा असतो. पॅन्टाला दिवसा क्वचितच बसतो, आणि बसलाच तर फांदीला धरून उभा लोंबकळतो. सकाळी लवकर, अंग गार असताना, बांधावरच्या गवतात तो असा लटकलेला सापडला तर हातभर अंतरावरून नीट बघता येतो. तेव्हा पायांवरचे बारीक काटे बघावेत.

हे पाय चालण्यासाठी नाहीतच. चतुराला चालता येत नाही म्हटले तरी चालेल. सहाही पाय पुढे, तोंडाच्या खाली जमलेले असतात. उडताना ते एकत्र आणले की काट्यांची परडी तयार होते आणि उडता डास, माशी, तुडतुडा त्यात अडकतो. खाणेही उडता उडताच उरकते. शिकार करताना तो भक्ष्याच्या मागे धावत नाही. ते पुढच्या क्षणी कुठे असेल तिकडे तो निघतो, आणि हा हिशेब करताना भक्ष्य आपल्या नजरेत एकाच जागी स्थिर राहील अशा बेताने स्वतःची दिशा बदलत जातो. काडीवर बसून झडप घालणाऱ्या काही चतुरांवर प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक झडपा यशस्वी ठरल्या. वाघ-सिंहांना यातला अर्धा वाटाही साधत नाही. चारही पंख वेगवेगळे हलवता येतात, कारण प्रत्येकाचे स्नायू थेट पंखाच्या मुळाशी जोडलेले आहेत. आणि एकेका डोळ्यात हजारो नेत्रिका असल्यामुळे वर, खाली, बाजूला सगळे एकदम दिसते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उसळतात तेव्हा पॅन्टालाचे थवे तिथे जमलेले बघावेत. चरणाऱ्या म्हशींच्या मागे, नांगरटीच्या ट्रॅक्टरमागे, गवतातून चालणाऱ्या माणसाच्या भोवतीही ते फिरतात, कारण आपल्या पायांनी गवतातले किडे उठतात. मुलांना वाटते चतुर आपल्याशी खेळतो आहे.

हवेतला हा शिकारी आयुष्याचा पहिला भाग पाण्यात काढतो, आणि माझ्या मते पॅन्टालाचे सगळे रहस्य त्या पाण्यात आहे. बहुतेक चतुरांना तळे, ओढा, नदी असे भरवशाचे पाणी लागते, कारण त्यांच्या अळ्या वाढायला कित्येक महिने, थंड प्रदेशातल्या काही जातींत तर काही वर्षे घेतात. पॅन्टालाची मादी अशा पाण्याच्या वाटेला फारशी जात नाही. तिला पावसाने नुकतेच भरलेले, उथळ, उन्हात तापणारे डबके हवे. खाणीतला खड्डा, भाताचे खाचर, बांधकामावर साचलेले पाणी, कातळावरची खळगी. शेपटाचे टोक पाण्याला टेकवत ती अंडी सोडत जाते. बऱ्याचदा नर तिचे डोके धरून पुढे उडत असतो. असे डबके दोन महिन्यांत आटणार हे ठरलेले. म्हणून अळीची सगळी घाई. पाणी कोमट असेल तर 38 ते 65 दिवसांत ती पूर्ण वाढते. नव्या डबक्यात मासे नसतात, त्यामुळे तिला लपून बसण्याची गरज नाही. इतर चतुरांच्या अळ्या चिखलात दबा धरतात, ही तळाशी उघड हिंडते आणि सापडेल ते खाते. डासांच्या अळ्या, बेडकांची छोटी पिल्ले, आणि भूक फारच असेल तर आपलीच धाकटी भावंडे. खालचा ओठ दुमडून हनुवटीखाली ठेवलेला असतो. तो क्षणात पुढे फेकला जातो आणि टोकावरच्या आकड्यांत भक्ष्य धरून आणतो. श्वासाचे कल्ले शेपटाच्या आत असतात. तिथे घेतलेले पाणी जोराने मागे फेकून ती धोक्याच्या वेळी पुढे झेपावते.

वाढ पुरी झाली की एका रात्री ती पाण्याबाहेरच्या एखाद्या काडीवर, भिंतीवर, भाताच्या ताटावर चढते. कोश वगैरे काही नाही. पाठीवर चीर पडते, आधी छाती आणि डोके बाहेर येते, मग अर्धा बाहेर आलेला चतुर मागे कलून लोंबकळत राहतो. पाय जरा कडक झाले की तो उलटून आपल्याच रिकाम्या कातीला धरतो आणि शेपूट ओढून घेतो. चुरगळलेले पंख हळूहळू भरत जातात. सकाळी तो गेलेला असतो, कात तिथेच राहते. ती कात भिंगातून पाहिली तर पाठीच्या चिरेतून बाहेर आलेले पांढरे दोरे दिसतात. ती जुन्या श्वासनलिकांची अस्तरे. ऑगस्ट-सप्टेंबरात खाचराच्या बांधावर दिवस उजाडायला गेलात तर ही कात हमखास मिळेल.

आता प्रश्न असा की डबके आटल्यावर हे जातात कुठे? ऑक्टोबरात थवेच्या थवे असतात, आणि थंडी सुरू होता होता महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून ते दिसेनासे होतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे पाहिले आणि ते मेले असे समजून गप्प बसलो. उत्तर मिळाले ते मालदीवमध्ये, आणि मिळवले ते चतुरांचा अभ्यासक नसलेल्या माणसाने.

चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ 1983 मध्ये मालदीवला कामासाठी गेले. दर ऑक्टोबरात तिथे चतुरांची एकच गर्दी उसळते हे त्यांच्या लक्षात आले. तिथल्या लोकांना हे नवीन नव्हते. आपल्या शेतकऱ्याचा पाऊस जसा मृग, हस्त, स्वाती असा नक्षत्रांवर चालतो, तसेच मालदीवचे कोळी वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे नक्षत्रवार तुकडे पाडून वारे आणि मासे ओळखत आले आहेत, आणि चतुर आले की ईशान्य मोसमी वारा जवळ आला असे ते धरतात. अँडरसन यांना खटकले ते वेगळेच. मालदीवमध्ये नदी नाही, ओढा नाही; प्रवाळाची सच्छिद्र बेटे, पडलेला पाऊस जमिनीत मुरून जातो. पाण्याशिवाय लाखो चतुर जन्मतात कुठे? त्यांनी तारखा लिहायला सुरुवात केली. माले शहरात पहिले चतुर दिसण्याची तारीख सरासरी 21 ऑक्टोबर निघाली. दक्षिण भारतात ते त्याआधी, मालदीवच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर त्यानंतर, सेशेल्समध्ये नोव्हेंबरात, अल्दाब्रा बेटावर डिसेंबरात. तारखा एकामागून एक मांडल्या की रेघ आपोआप भारतातून आफ्रिकेकडे जाते. 2009 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

त्यातली एक अडचण आणि तिचे उत्तर मला फार आवडते. ऑक्टोबरात मालदीवमध्ये जमिनीलगतचा वारा पश्चिमेकडून वाहत असतो, म्हणजे चतुरांच्या तोंडावर. 0.3 ग्रॅमचा प्राणी समोरच्या वाऱ्यात शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून येणे शक्य नाही. पण त्याच सुमारास पावसाचा पट्टा विषुववृत्ताकडे सरकत असतो, आणि त्याच्या मागे, हजार मीटरच्या वर, ईशान्येचा वारा आधीच सुरू झालेला असतो. चतुर त्या वरच्या वाऱ्यावर बसून येतात. म्हणजे ते पावसाच्या बरोबरीने, त्याच्या जरा मागे, सरकतात. आणि उतरतील तिथे ताजे डबके असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पूर्व आफ्रिकेत तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. तिथे अंडी, तिथे पुढची पिढी. ती आणखी दक्षिणेकडे पावसामागे जाते, पुढची पिढी उत्तरेला परतते, आणि मे-जूनमध्ये आपल्याकडे मोसमी पाऊस आणणारा नैर्ऋत्येचा वारा त्यांच्या वंशजांना पुन्हा भारतात घेऊन येतो. अँडरसन यांच्या हिशेबाने एकूण फेरी 14,000 ते 18,000 किलोमीटरची, आणि ती पुरी करायला चार पिढ्या लागतात. जो चतुर गेला तो परत येत नाही. पणजोबा गेले त्या वाटेने पणतू उलटा येतो, कोणी न दाखवता.

हे सगळे तारखांवरून केलेले अनुमान होते, आणि अनुमानावर शंका घेणे शास्त्रात रीतसर आहे. चतुराला यंत्र बांधावे तर 2006 मध्ये अमेरिकेत एका मोठ्या चतुरावर लावलेल्या रेडिओ-प्रक्षेपकाचे वजनच सुमारे 0.3 ग्रॅम होते, म्हणजे आपल्या चतुराचे सगळे वजन. मग दुसरी युक्ती निघाली. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. अळी ज्या डबक्यात वाढते त्याचे पाणी तिच्या पंखांच्या घडणीत उतरते आणि पंख एकदा बनले की बदलत नाहीत. तो पंख म्हणजे जन्मदाखलाच. 2012 मध्ये अँडरसन, कीथ हॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालदीवमध्ये पकडलेल्या पॅन्टालांचे पंख असे तपासले. निष्कर्ष असा की ते जवळच्या दक्षिण भारतातले नसून उत्तर भारतात, कदाचित त्याहून पलीकडे जन्मलेले होते. पुढे 2016 मध्ये वेगवेगळ्या खंडांवरच्या पॅन्टालांची जनुके ताडून पाहिली गेली, तेव्हा त्यांच्यात फारसा भेद आढळला नाही. म्हणजे दूरदूरचे थवे एकमेकांत मिसळत राहतात. याला ईस्टर बेटावरचे पॅन्टाला अपवाद म्हणावे लागतील. ते रंगाने गडद आहेत आणि फार उंच उडत नाहीत. चिमुकल्या बेटावर वाऱ्यावर स्वार होणारा थेट समुद्रात जातो, त्यामुळे घरकोंबडे तेवढे उरले असावेत. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या योहाना हेडलुंड आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये शरीरातल्या चरबीचा आणि वाऱ्यांचा हिशेब मांडला: पोटभर चरबी साठवलेला पॅन्टाला सुमारे 90 तास हवेत राहू शकतो, आणि अनुकूल वारा मिळाला तरच महासागर ओलांडणे त्याच्या आवाक्यात येते. वारा फिरला तर मधेच बुडायचे. किती बुडतात ते समुद्राला ठाऊक.

या वाटेवर तो एकटा नाही. नोव्हेंबरात ईशान्य भारतातून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडणारा अमूर ससाणा कीटकांवर जगतो, आणि त्याची शिदोरी हेच चतुर असावेत असे अँडरसन यांनी सुचवले. त्यांच्या यादीत निळपंख आहे, कोकीळकुळातले पक्षी आहेत, आणि चातकही आहे. चातकाला आपल्या साहित्याने डोक्यावर घेतले. त्याच वाऱ्यावर, त्याच पावसाबरोबर येणाऱ्या चतुराच्या वाट्याला पोरांनी शेपटाला बांधलेला दोरा आला.

अभ्यासाचेही तसेच. भारतीय चतुरांचा पाया घातला तो फ्रेझर या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरने. त्याचे तीन खंड 1933, 1934 आणि 1936 मध्ये निघाले आणि अजून उघडावे लागतात. अलीकडे के. ए. सुब्रमण्यन यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे हाताशी धरता येतील अशी पुस्तके झाली, ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’सारखे संकेतस्थळ उभे राहिले, आणि सह्याद्रीत नव्या जाती शोधणारी तरुण मंडळीही आहेत. पण त्यांचा ओढा साहजिकच दुर्मीळाकडे असतो. दुर्गम ओढ्यावरच्या एका जातीसाठी लोक आठवडाभर चिखल तुडवतील. पॅन्टालाचा फोटो काढायला कोणी मोबाइल वर करत नाही. तो संकटग्रस्त नाही. जागतिक लाल यादीत तो सगळ्यात कमी काळजीच्या वर्गात आहे, आणि इथे त्याच्या नावाने गळा काढण्याचा माझा इरादा नाही.

मात्र तो ज्यावर जगतो त्या पाण्याबद्दल बोलायला हवे. तळे बुजवले तर निदान बातमी होते. डबक्याला वालीच नाही. कोकणातले आणि सह्याद्रीमाथ्यावरचे कातळसडे पावसाळ्यात हजारो खळग्यांनी भरतात. सरकारी दप्तरात त्यांतले बरेच पड जमीन म्हणून लागलेले असतात आणि चिऱ्यासाठी कापले जातात. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले ते फुलांच्या कौतुकात. फुलांच्या शेजारच्या खळग्यांत काय पोहते हे बघायला वाकणारे पर्यटक थोडे. शहरात तर पाणी साचू न देणे हेच काम आहे, आणि डेंग्यूच्या दिवसांत ते चूकही नाही. पण मग मादी अंडी घालते कुठे? उन्हात उभ्या मोटारीच्या बॉनेटवर तिला शेपूट टेकवताना पाहणारे पुष्कळ असतील. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची विशिष्ट ठेवण तिला पाणी म्हणून कळते, आणि चकचकीत रंग, काच, काळे प्लास्टिक तीच ठेवण दाखवतात. ती अंडी तिथेच भाजून जातात.

हे पुस्तक छापायला निघाले तेव्हा चतुर डास खातात हे मुखपृष्ठावर यावे असा एक आग्रह झाला. खातात, अळीपणी आणि मोठेपणी दोन्ही. तरी मी नको म्हटले. उपयोग सिद्ध केल्याशिवाय कीटकाला पुस्तकात जागा द्यायची नाही ही सवय मोडायला हवी, आणि शिवाय पॅन्टाला दिवसभर उंचावर उडतो. आपल्या घरातले डास संपवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे खोटेपणाचे होईल. लेखकांनी आत अळीपासून थव्यापर्यंतचे सगळे टप्पे छायाचित्रांसह दिले आहेत. भाताच्या खाचरावरचे प्रकरण सगळ्यात सरस उतरले आहे; वाऱ्यांचे प्रकरण थोडे जड आहे, पण नकाशा समोर ठेवून वाचले तर जमते.

वाचकाकडे मागणे एकच. मालदीवच्या तारखा आपल्याकडे आहेत आणि पुणे, नागपूर, रत्नागिरी, पणजीच्या नाहीत. अँडरसन यांनी केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे, त्याला पदवी लागत नाही. जूनमध्ये पहिला पॅन्टाला कधी दिसला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठा थवा कधी दिसला, शेवटचा कधी, आणि वारा कोणत्या बाजूचा होता, एवढे गावाच्या नावासह लिहावे. जमल्यास फोटो काढून आय-नॅचरलिस्टवर टाकावा. पुस्तकाच्या शेवटी पाच पावसाळ्यांचे कोरे तक्ते जोडले आहेत, ते त्यासाठीच.